अक्काला विचारा : पिंगट केस गडद करायचे आहेत

दिवाळी जवळ आली की लग्नाच्या तारखा निघतात आणि माझ्याकडे डायच्या प्रश्नांची रीघ लागते. या महिन्याच्या पत्रांतली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण तोच प्रश्न बेळगुंदी, उचगाव, हुक्केरी असा सगळीकडून थोड्याफार फरकाने आलाय. माझं पार्लर शहापुरात आहे. तिथे खुर्चीत बसलेल्या मुलीला मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

अक्का, माझं वय 25. केस जन्मापासून पिंगट, आजीवर गेलेत. घरात तपकिरी दिसतात आणि उन्हात गेलं की तांबूस. लांबी कमरेच्या वर वीतभर. डाय कधीच लावला नाही. कॉलेजात असताना मेंदी लावली होती, तो भाग आता कापून गेला. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे आणि त्याआधी केस गडद करावेत असं मनात आहे. बेळगावला यायचं तर दिवस मोडतो, म्हणून घरीच लावीन म्हणते. पण दुकानात काळा, नॅचरल ब्लॅक, डार्क ब्राऊन, त्यावर 3, 4, 5 असे आकडे, कुठे अमोनिया फ्री. यातलं काय घेऊ? – एक वाचक, नंदगड

काळा घेऊ नकोस. हे आधी सांगून टाकते, कारणं मागाहून.

त्याआधी ते आकडे. आकडा म्हणजे रंग किती गडद याचं माप. 1 काळा, 2 जवळजवळ काळाच, 3 गडद तपकिरी, 4 मध्यम तपकिरी, 5 फिकट तपकिरी आणि पुढे उजळत उजळत 10 ला अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडे बहुतेकांचे केस 1 ते 3 मध्येच येतात. तू लिहिलंस त्यावरून तुझे 4 किंवा 5 असावेत. टिंब देऊन पुढे आणखी एक आकडा असतो, तो झाक सांगतो. पुष्कळ कंपन्यांत .1 म्हणजे राखाडी झाक, .3 सोनेरी, .4 तांबूस, .6 लाल. सगळ्यांची पद्धत एक नाही, म्हणून आकड्याशेजारी लिहिलेलं नावही वाचायचं. तुझ्या केसांत लाली मुळातच आहे. तेव्हा नुसता 4 किंवा नुसता 3 घे, नाहीतर .1 ची राखाडी झाक घे, ती लाली दाबते. पाकिटावर चेस्टनट, महोगनी, बरगंडी असलं काही लिहिलं असेल तर ते खाली ठेव. तुला जे झाकायचंय तेच त्यात भरलेलं असतं.

आपला आकडा ओळखायचा तर सकाळी दहाच्या सुमारास अंगणात ये. केस धुतलेले, पूर्ण वाळलेले, तेल नसलेले हवेत. टोकाकडे बघू नकोस, टोकं उन्हाने उजळलेली असतात. कानामागची बट घे, मुळापासून चार बोटं खालचा भाग बघ आणि तो पाकिटाच्या बाजूला छापलेल्या तक्त्याशी ताडून बघ. पुढच्या बाजूच्या बाईच्या फोटोशी ताडू नकोस. ट्यूबलाइटखाली तर मुळीच ठरवू नकोस, तिथे 5 सुद्धा 3 वाटतो. बघून झालं की त्याच्या एक पायरी खालचा रंग घ्यायचा, फार तर दोन. 5 असशील तर 4, धीर असेल तर 3. 4 असशील तर 3. त्याखाली जायचं नाही.

आता काळा का नको ते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुझं मूळ पिंगटच उगवणार. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास काळा लावलास, तर संक्रांतीला माहेरी येशील तोवर भांगात दोन सेंटिमीटर पिंगट पट्टा आणि खाली काळं, असं होईल. नव्या घरात, नव्या माणसांत दर महिन्याला भांगाला डाय लावत बसायचं का? 3 किंवा 4 लावलास तर तोच पट्टा सहज नजरेत भरत नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे. डायवर डाय लावून केस उजळत नाहीत. गडद झाला नाही तर वर आणखी गडद चढवता येतं, पण एकदा काळा बसला आणि चेहऱ्याला शोभला नाही, तर तो उतरवायला ब्लीच लागतं. ब्लीच केलेला काळा आधी विटकरी होतो, मग केशरी, आणि केस हाताला गवत लागतो. हे काम घेऊन लग्नाच्या आठवड्यात रडत आलेल्या मुली मी पाहिल्यात. पिंगट केसांच्या मुलींचा वर्ण आणि भुवयाही बहुधा त्याच छटेच्या असतात. वर एकदम कोळशासारखा काळा आला की चेहरा ओढल्यासारखा दिसतो.

अमोनिया फ्रीचं नीट समजून घे, कारण दुकानदार तो शब्द फार मोघम वापरतात. केसावर बारीक पापुद्रे असतात. कायम टिकणाऱ्या डायमधला अमोनिया ते पापुद्रे उघडतो. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. तो दोन कामं करतो: तुझा स्वतःचा रंग थोडा फिका करतो, आणि डायचे बारीक कण केसाच्या आत एकमेकांना जोडून मोठे करतो, म्हणजे ते बाहेर पडत नाहीत. कायमच्या डायमध्ये हा पेरॉक्साइड बहुधा 6 टक्क्यांचा असतो, त्यालाच पार्लरवाले 20 व्हॉल्यूम म्हणतात. तुला केस फिके करायचेच नाहीत, गडद करायचेत. मग एवढा जोर कशाला? शिवाय डाय पुढे विरला की खालचा फिका झालेला केस पहिल्यापेक्षा तांबडा दिसतो. तुझी तक्रारच तांबडेपणाची आहे.

म्हणून तू डेमी परमनंट घे. त्यात पेरॉक्साइड कमी, 3 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि अमोनिया बहुधा नसतो. तो वीस-पंचवीस धुण्यांत हळूहळू उतरतो आणि मुळाशी रेघ उमटत नाही. पाकिटावर 'डेमी' असं लिहिलेलं नसेल तर डेव्हलपरची टक्केवारी आणि किती धुण्यांपर्यंत टिकतो ते बघ. नंदगडात मिळाला नाही तर बाजाराला खानापूरला जाणाऱ्या कुणालातरी नाव कागदावर लिहून दे, म्हणजे दुकानदार दुसरं काही हातात ठेवणार नाही. आणि हे लक्षात ठेव : अमोनिया नाही म्हणजे केवळ वास आणि झोंबणं कमी. त्याच्या जागी दुसरा अल्कली असतोच, पेरॉक्साइड असतो आणि अंगावर उठणारी द्रव्यंही असू शकतात. चाचणी त्यालाही चुकत नाही.

चाचण्या दोन. पहिली अंगावरची. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रुपयाएवढी जागा धुऊन घे, तयार केलेला डाय थोडासा लाव, वाळू दे. आपल्या देशाचा जुना नियम 24 तास थांबायला सांगतो. मी 48 तास म्हणते, कारण ही ॲलर्जी उशिरा उठते. खाज, लाली, फोड, काहीही आलं तर ते पाकीट परत कर, भावंडांनाही देऊ नकोस. ही सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापायची असा कायदा आहे. आपल्या भागात ती कन्नडमध्ये असेल, मराठीत असेलच असं नाही. तुला वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बसव आणि एकेक ओळ वाचून घे. ही पाच मिनिटं वाचवू नकोस.

दुसरी चाचणी बटेवरची, ती जवळजवळ सगळेजण टाळतात. मानेजवळची, अंबाड्याखाली झाकली जाईल अशी बोटाएवढी बट घे. चमचाभर मिश्रण करून मुळापासून टोकापर्यंत लाव, पत्रकात दिलेला वेळ ठेव, धू आणि पूर्ण वाळव. पाऊस लांबला तर खानापूरकडे केस दिवसभर दमट राहतात आणि ओला केस गडदच दिसतो. तेव्हा पंख्याखाली वाळवून मग उजेडात बघ. टोकं वरच्यापेक्षा जास्त काळी झालेली दिसतील. उन्हाने झिजलेली टोकं रंग पटकन पितात. त्यावरून तुला कळेल की टोकांना शेवटच्या पाच-सात मिनिटांतच लावायचंय.

सामान एका पाकिटात भागणार नाही. क्रीमचं मोठं पाकीट खांद्यापर्यंतच्या केसांना पुरतं. तुझ्या लांबीला दोन तरी लागतील, केस दाट असतील तर तीन. अर्ध्यात संपलं की उरलेल्या अर्ध्या डोक्याचा रंग वेगळा येतो, म्हणून आधीच आणून ठेव. आदल्या दिवशी शाम्पू कर, तेल लावू नकोस. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घे, स्टील आणि पितळ नको. हातमोजे घालायचेच. कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर व्हॅसलिनचा जाड थर दे. मुंडावळ्यांखाली काळपट डाग दिसला तर फोटोत कायमचा राहतो. बहिणीला किंवा वहिनीला मदतीला घे, मागचा भाग स्वतःला दिसत नाही. चार भाग करून आधी मागच्या दोन भागांना लावा, मग पुढच्या. वेळ घड्याळावर मोजा, अंदाजाने नको. उरलेलं मिश्रण बाटलीत घालून बूच घट्ट लावून ठेवू नकोस, आत वायू धरतो आणि बाटली फुटते. टाकून दे.

पाण्याचं एक विचारायचं राहिलं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने बादलीला तांबडी कड धरत असेल तर त्यात लोह आहे. तांब्याच्या बंबात रात्रभर उभं राहिलेलं पाणीही नको. हे धातू केसावर बसतात आणि पेरॉक्साइड त्यांच्याशी भिडला की केस कमकुवत होतो. डायच्या आधी आठवडाभर आणि डाय धुताना नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापर. धुतल्यावर दोन दिवस शाम्पू नाही, आणि पुढेही कोमट पाणीच.

तारीख : लग्नाच्या पंधरा-वीस दिवस आधी. त्यात दोन-तीन धुणी होतात, सुटा रंग निघून जातो आणि घामाने शालूच्या काठाला किंवा ब्लाउजच्या गळ्याला डाग पडत नाही. रंग कमी वाटला तर पुन्हा एकदा लावायलाही वेळ हातात राहतो. हळदीच्या आदल्या रात्री कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

आणि एक. हे तुझ्या मनात आहे असं तू लिहिलंस, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं. पाहायला आलेल्यांपैकी कुणी केसांबद्दल बोललं असेल आणि म्हणून करत असशील, तर करू नकोस. आजीकडून आलेला हा रंग मला फार मोलाचा वाटतो. पार्लरमध्ये मुली पैसे मोजून तो मागतात.

अक्का, मी 47 वर्षांची, शाळेत शिकवते. केस मूळचे तपकिरी, आता कानांजवळ पांढरे झालेत. बरीच वर्षं मेंदी लावते, लोखंडी कढईत रात्रभर भिजवून, चहाचं पाणी आणि आवळा पूड घालून. पांढरे केस केशरी होतात, बाकीचे तांबडे. मधे काही महिने 'काळी मेंदी'च्या पुड्या लावल्या. आता सगळे एकसारखे गडद तपकिरी हवेत. मेंदीवर डाय लावला तर चालतो का? – एक शिक्षिका, निपाणी

बाई, नुसती शुद्ध मेंदी असती तर मी लगेच हो म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत कढई आणि काळी मेंदी या दोन गोष्टींचा विचार आधी करायला हवा.

मेंदीतलं रंगद्रव्य, लॉसोन, केसाला घट्ट चिकटतं. ते पारदर्शक असतं, खालचा रंग झाकत नाही. म्हणून पांढऱ्यावर केशरी आणि तपकिरीवर तांबडं दिसतं. कितीही वेळा लावलं तरी त्याने काळं होणार नाही, लाली मात्र दाट होत जाते. आवळा आणि चहा यांतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळसर होतं, म्हणून आपल्या आयांनी कढई धरली. ते खोटं नाही. पण ते लोह केसावर जाऊन बसतं आणि वर पेरॉक्साइडचा डाय आला की रंग भलताच येऊ शकतो, केस तुटू शकतो. धातूचे क्षार घातलेल्या डायवर पेरॉक्साइड पडला तर केस तापतोसुद्धा.

काळ्या मेंदीची पुडी अजून घरात असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. मेंदीच्या पानाने केस काळा होत नाही, तेव्हा काळेपणा दुसऱ्या कशाचा तरी असणारच. बहुतेक पुड्यांत पॅराफिनिलिनडायअमाईन, म्हणजे पीपीडी असतं, जोडीला बेरियम पेरॉक्साइड. डायच तो, फक्त पाकिटावर हिरवं पान काढलेलं. युरोपात केसाला लावायच्या तयार मिश्रणात पीपीडी 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पुडीवर ते किती आहे याचा आकडा बहुधा नसतो. मेंदी म्हणून निर्धास्तपणे तासन्‌तास डोक्यावर ठेवणाऱ्या बायकांची मला खरोखर काळजी वाटते. डाय पत्रकातल्या वेळेपुरताच ठेवायचा असतो आणि ही पुडी त्याच हिशोबात बसते.

तुम्हाला डायच हवा असेल तर मानेजवळची चार-पाच केसांची बट कापा, धाग्याने बांधा आणि काचेच्या वाटीत नवा डाय कालवून त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. वाटी कोमट-गरम लागली, फेस आला, केस हिरवट झाला किंवा ओढल्यावर तटकन तुटला, तर तो डाय डोक्याजवळही न्यायचा नाही. केसाची ती लांबी कापून जाईपर्यंत थांबायचं. काहीच झालं नाही तर बिनअमोनियाचा 4 किंवा 3 चालेल. पण तुमच्या केसांत लाली खोल आहे, म्हणून राखाडी झाकेचा घ्या.

मी तुमच्या जागी असते तर डायच्या वाटेला गेलेच नसते. तुमच्या डोक्यावर मेंदीचा पाया तयार आहे, त्यावर इंडिगो फार छान बसतो. इंडिगो म्हणजे नीळीच्या झाडाच्या पानांची हिरवट पूड. कपड्यांना घालायची निळी नीळ नव्हे, ती केसाला लावायची नाही. मेंदीवाल्या कंपन्यांचीच पूड वेगळ्या पुडीत मिळते. 'शुद्ध पान, बाकी काही नाही' असं घटकांत लिहिलेलं असेल तीच घ्या.

पद्धत मेंदीच्या अगदी उलट आहे. मेंदीला आंबट लागतं आणि तासन्‌तास भिजवावी लागते. इंडिगोला आंबट काही चालत नाही. लिंबू नको, दही नको, चहा नको, लोखंडही नको. कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून, दह्याइतकं सरसरीत कालवा. दहा-पंधरा मिनिटांत वरचा थर निळसर होऊ लागतो, तेव्हाच लावायला घ्यायचं. तासाभराने त्याचा जोर ओसरतो, म्हणून अर्धं अर्धं कालवा. पांढऱ्या केसांना त्या दिवशी आधी मेंदी लावून नुसत्या पाण्याने धुवा आणि मगच त्यावर इंडिगो लावा. थेट पांढऱ्यावर लावलात तर निळं-हिरवं दिसतं. गडद तपकिरी हवा तर पाऊण तास-तासभर, काळ्याकडे न्यायचा तर दोन तास. धुतल्यावर पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसली तर घाबरू नका आणि शाम्पूही करू नका. हवेने तो पुढच्या दोन दिवसांत खुलतो. म्हणून शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर लावा, सोमवारी वर्गात जाईपर्यंत रंग बसलेला असेल.

दोन्ही एकदम लावायचं असेल तर भिजवून ठेवलेल्या मेंदीत ऐन वेळी इंडिगो मिसळतात. निम्मी-निम्मी घेतली की मध्यम तपकिरी, इंडिगो दुप्पट घेतला की गडद. पांढऱ्या केसांवर मात्र दोन टप्प्यांची पद्धतच जास्त टिकते. वर्षातून दोनदा-तीनदा सगळ्या केसांना आणि एरवी फक्त मुळांना लावलं तरी पुरतं. सगळ्या लांबीला दर महिन्याला थर देत गेलं की टोकं काळी आणि कोरडी होतात. एक अट : पुढे कधी केस उजळ करावेसे वाटले तर इंडिगोवर ब्लीच घालू नका. हिरवा रंग निघतो आणि तो काढताना नाकी नऊ येतात.

कढई आता भाजीला ठेवा. मेंदी काचेच्या भांड्यात भिजवा.

अक्का, नऊ-दहा वर्षं एकच डाय लावते, कधी त्रास झाला नाही. गेल्या दोन वेळेला मात्र कानांच्या पाळ्या सुजल्या, डोकं खाजलं, या वेळी सकाळी डोळे उघडेनात. दुकानदार म्हणतो हर्बल घ्या, त्याने काही होत नाही. माझे केस मूळचे तपकिरी, डाय सोडला तर फार भुरे दिसतात. घरी माग आहे, बायका येत-जात असतात, लाज वाटते. – वडगाव, बेळगाव

ताई, तो डाय आजपासून बंद. दुकानदाराचा हर्बलही बंद. डोळे सुजणं ही साधी खाज नव्हे. पुढच्या वेळी घसा किंवा श्वास धरला तर काय कराल?

इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं या ॲलर्जीचं नसतं. शरीर पीपीडीला किती वेळा सहन करील आणि कधी नाकारील ते आधी कळत नाही, आणि एकदा नाकारलं की ते बहुधा जन्मभर. दर वेळची सूज आधीपेक्षा लवकर आणि जोरात येते. कंपनी बदलून भागत नाही, कारण द्रव्य तेच असतं. पीपीडी नसलेल्या काही डायमध्ये त्याचं भावंड टोल्युइनडायअमाईन असतं आणि पीपीडी सोसत नाही अशा पुष्कळांना तेही सोसत नाही. लग्नात किंवा जत्रेत हातावर काढतात ती झटपट काळी मेंदी तर तुम्ही मुळीच काढून घेऊ नका. मुलांच्या हातावरही नको. त्या काळ्या नक्षीतूनच कित्येकांना ही ॲलर्जी लागते.

त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात त्वचेचा विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं. जाताना डायचं रिकामं पाकीट सोबत न्या, बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. पाठीवर पट्ट्या चिकटवून कशाची ॲलर्जी आहे ते नेमकं काढता येतं. एकदा कळलं की कागदावर लिहून घ्या आणि दाताच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण बधिर करायच्या काही औषधांशी या द्रव्याचं नातं आहे. काही गडद रंगाच्या कपड्यांचाही त्रास होऊ शकतो. तुमच्या घरी रंगवलेल्या सुताला हात लागतोच, तेव्हा हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

रंगाचं म्हणाल तर सूज पूर्ण उतरून महिना-दीड महिना जाऊ द्या. मग डॉक्टरांनी हो म्हटलं तर वर निपाणीच्या बाईंना सांगितलेली शुद्ध मेंदी आणि शुद्ध इंडिगोची वाट तुम्हाला आहे, पण तीही आधी कोपरावर लावून दोन दिवस बघून. शिवाय आतापर्यंतच्या डायवर लगेच नको, थोडे केस वाढू देत. तोवर भांगापुरतं मुळांना लावायची रंगीत पावडर मिळते, ती केसाच्या वर बसते आणि धुतली की जाते. तिच्याही घटकांत बघून घ्या. आणि लाजेचं मनातून काढून टाका. मागावर येणाऱ्या बायकांपैकी निम्म्याजणी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

मुलगी 15 वर्षांची, खो-खो खेळते. तिचे काळे केस वर्षभरात तपकिरी आणि राठ झालेत. मैत्रिणी चिडवतात म्हणून डाय मागते. घरी लावता येईल असा सौम्य डाय सुचवा. – एक पालक, संकेश्वर

दादा, डाय नको. युरोपात केसांच्या रंगावर '16 वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' असं छापावं लागतं आणि मला ते पटतं. या वयात लागलेली ॲलर्जी पुढची सगळी वर्षं सोबत राहते.

पोरगी रोज मैदानावर असते, तेव्हा ऊन हे पहिलं कारण. उन्हाने केसातलं मेलॅनिन मोडतं, केस तपकिरी आणि राठ होतो. मुळाशी बघा. मुळाजवळचा नवा केस काळाच उगवत असेल तर चिंता नाही, हे उन्हाचं आणि रोज अंगाच्या साबणाने डोकं धुण्याचं काम आहे. सरावाआधी तेलाचं बोट फिरवून घट्ट वेणी, वर रुमाल किंवा टोपी, आणि आठवड्यातून दोनदाच शाम्पू, एवढं करा. राठ टोकं तीन बोटं कापून घ्या, निम्मा तपकिरी रंग तिथेच जाईल.

मुळापासूनच फिका आणि बारीक केस येत असेल, केस गळत असतील, पोरगी लवकर दमत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात होतं. खेळणाऱ्या, नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींना लोह आणि प्रथिनं कमी पडतात. सकाळी नुसता चहा-बिस्कीट घेऊन मैदानावर पाठवू नका. नाचणीची आंबील, शेंगदाण्याचा लाडू, उसळ, चालत असेल तर अंडं रोज द्या. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तरच. पाच-सहा महिन्यांनी मुळाशी जो केस उगवेल त्यावरून कळेल. तेव्हाही फिकाच असला तर पुन्हा लिहा, सोबत तपासणीचा आकडा कळवा.